लूनच्या घरट्याचं थेट प्रक्षेपण: अर्धापूरच्या केळीच्या बागेतून बघितलेलं

आठवडाभर रात्रीची लाईन असली की मोटारीपाशी बसून मोबाईलच बघणं होतं. यंदा उन्हाळ्यात सगळ्यात जास्त बघितलं ते 'लून प्रिझर्व्हेशन कमिटी'चं प्रक्षेपण. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १९७५ पासून लून या पाणपक्ष्यासाठी काम करणारी ही संस्था. घरट्यावर कॅमेरा लावते आणि यूट्यूबवर फुकट दाखवते. आपल्याकडं रात्रीचे दहा, तेव्हा तिथं दुपारचे साडेबारा. पाणी देणाऱ्या माणसाला याहून सोयीची वेळ कुठली?

आधीच सांगतो, बराच वेळ काहीच घडत नाही. पक्षी अंड्यांवर बसलेला. तास तास. मध्येच चोचीनं काडी ओढतो, अंडी फिरवतो, परत बसतो. याचा कंटाळा येणार असेल तर नादी लागू नका. मला मात्र चटक लागली. चित्र एवढं स्वच्छ की लाल डोळा आणि पाठीवरचे पांढरे चौकोन मोबाईलवरही उठून दिसतात. एकदा ऊन चढल्यावर तो चोच वासून धापा टाकत होता. पाणी हातभरावर, पण उठलं की अंडी उन्हात. आमच्याकडं त्या दिवशी ४३ अंश होतं, तरी कीव त्याचीच आली.

आवाज ऐकाच. लांब हेल काढून ओरडला तसं आमचं बागेतलं कुत्रं कान टवकारून उठलं आणि अंधाराकडं भुंकत सुटलं.

मायलाही दाखवलं. तिचा पहिला प्रश्न, "हिला डबा कोण आणतं रे?" म्हटलं, कुणी नाही, नर-मादी पाळीपाळीनं बसतात. "मग ठीक आहे," म्हणाली आणि शेजारी बसून राहिली.

लूनचे पाय अंगाच्या पार मागं. जमिनीवर धड चालता येत नाही, म्हणून घरटं पाण्याला लागूनच, आणि तळं वाढलं की अंडी बुडायची धास्ती. त्यासाठी ही संस्था काही तळ्यांत तरंगते तराफे सोडते. आमच्या शेततळ्यातली टिबुकली जास्त हुशार म्हणायची. तिचं घरटंच तरंगतं, शिवाय उठून जाताना अंड्यांवर ओला पाला ओढून जाते. लून अंडी तशीच उघडी टाकतो.

अंडी साधारण २८ दिवसांनी फुटतात. पंखाखालून काळंभोर डोकं बाहेर आलं तेव्हा लाईन गेलेली मला कळलीसुद्धा नाही. पण खरी गोम इथंच आहे. पिल्लं एखाद्या दिवसात पाण्यात उतरतात आणि पुन्हा घरट्याची गरज उरत नाही. आईबापाच्या पाठीवर बसून फिरण्याचे दिवस त्यानंतरचे, आणि ते घरट्याजवळ आले तरच दिसतात. पिल्लं वाढवताना बघायच्या आशेनं बसाल तर हिरमोड होईल.

न्यू हॅम्पशायरमध्ये मोठे लून मरण्याचं सगळ्यात मोठं ज्ञात कारण म्हणजे मासेमारीच्या गळाचं शिसं, ते गिळल्यानं विषबाधा होते. आपल्याकडंही जाळ्याला शिशाच्याच गोळ्या असतात.

रोजचा दीड जीबी डेटा असेल तर चित्र ३६० वर ठेवा. मे अखेरपासून बघायला लागा, जुलैत उशीर झालेला असतो.