तेर–तुळजापूर–नळदुर्ग एक दिवसाची सहल: देव समजून घ्यायचा असेल तर जा, नुसतं दर्शन पाहिजे असेल तर एसटी बरी

धाराशिवहून सकाळी लवकर निघायचं, तेर, तुळजापूर, अणदूर-नळदुर्ग करायचं आणि रात्री परत, अशी ही सहल आहे. कंपनी वगैरे काही नाही, दोघातिघांनी मिळून चालवलेलं काम, बोर्ड नाही, ऑफिस नाही, ओळखीतून नंबर मिळतो आणि फोनवर बुकिंग होतं. छोटी ट्रॅव्हलर गाडी, माणशी 1200 रुपये, दुपारचं जेवण त्यातच. गाईड म्हणून एक रिटायर्ड मास्तर असतात, सगळे त्यांना सरच म्हणतात. मी आईला घेऊन गेले होते, तुळजाभवानी आमची कुलदेवी.

देवदर्शनाच्या गाड्या आपल्याकडं ढिगानं आहेत, मग हिच्यावर एवढं कशाला लिहायचं? तर हे लोक प्रत्येक देवापुढं तीनदा बोलतात. आधी पोथी-पुराण काय सांगतं ते, मग इतिहासाचा अभ्यास करणारे काय म्हणतात ते, आणि मग ज्यांच्या घरात तो देव पिढ्यान्पिढ्या आहे ती माणसं काय गातात ते. आणि हे तिन्ही वेगळं वेगळं ठेवतात, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं वाक्य घालत नाहीत. आपल्याकडं या विषयावर बोलणं निघालं की दोनच बाजू होतात बघा, एक म्हणणार पुराणं सगळी थापा, दुसरा म्हणणार इतिहास विचारणारा धर्म बुडवायला निघालाय, आणि या दोघांच्या भांडणात परडी घेऊन दारोदार जोगवा मागणारी बाई, जिनं देवी खऱ्या अर्थानं सांभाळली, तिला कोणी विचारतच नाही. मला ही सहल आवडली ती यासाठी.

सगळ्यात भारी भाग तेरचा. तेर म्हणलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात, समाधीला सगळ्यांनी हात जोडलेच, पण हेच गाव म्हणजे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या सोबतीनं त्याचं नाव येतं आणि इथला माल गुजरातेतल्या भडोच बंदरातून जहाजानं बाहेर जायचा. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून आजचं सरकारी म्युझियम उभं राहिलं. मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी, आणि एक हस्तिदंताची छोटीशी बाई. तिच्यासमोर सर बराच वेळ थांबले. अशाच घडणीची एक हस्तिदंती बाई 1938 मध्ये इटलीत पाँपेईला सापडली, म्हणजे इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत जे गाव गाडलं गेलं तिथं. तिला आधी लक्ष्मी म्हणून टाकलं, नाव तेच पडलं, पुढं अभ्यासकांनी बघितलं तर लक्ष्मीच्या खुणा काही जुळेनात, ती यक्षी, म्हणजे सुबत्तेची छोटी देवता, असावी असं म्हणायला लागले. तिच्यासारखी एक आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळालीय. मूर्ती ओळखायची म्हणजे हातात काय आहे, वाहन कुठलं, सोबत कोण उभं आहे हे बघत बघत जायचं असतं, मनाला वाटलं ते नाव देऊन चालत नाही, हे सरांनी तिथंच दाखवून दिलं. तिथून पुढं आमच्या गाडीतले लोक प्रत्येक मूर्तीचे हात मोजायला लागले, खरंच.

मग त्रिविक्रम मंदिर. विटांचं बांधकाम, मागची बाजू अर्धगोल, वर कमानीसारखं छत, असलं मंदिर आपण आजूबाजूला बघतच नाही. आत त्रिविक्रम, पाय उचललेला विष्णू. पोथीतली गोष्ट सगळ्यांना पाठ, वामन बटू, बळीराजाकडं तीन पावलं जमीन, तिसरं पाऊल डोक्यावर. सरांनी ती गोष्ट पूर्ण सांगितली, भक्तीनं सांगितली, घाई केली नाही. आणि मग सांगितलं की ऋग्वेदात विष्णू तीन पावलं टाकतो पण तिथं बटूही नाही आणि बळीही नाही. शतपथ ब्राह्मण या त्यानंतरच्या वैदिक ग्रंथात विष्णू ठेंगणा होतो, देव त्याच्या जोरावर असुरांकडून पृथ्वी मिळवतात, पण बळीचं नाव तिथंही नाही. बळीचं दान आणि पाताळ ही आपली ओळखीची कथा महाभारत-पुराणांपासूनची. म्हणजे शास्त्र शास्त्र म्हणून आपण जे एक गाठोडं धरतो त्यातच हजार वर्षांहून जास्त काळाचे थर आहेत, आणि हे कळायला शास्त्राच्या बाहेर जायची गरजच नाही, नीट वाचलं की दिसतं.

नंतर इमारतीची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्व खात्यातल्या हेन्री कझिन्स या इंग्रजानं हे मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं ठिकाण, असावं असं मांडलं, आणि पुढं तेरच्या उत्खननात विटांचा स्तूपही मिळाला. इथं आमच्यातले एक काका चिडले. "म्हणजे आमचं मंदिर आमचं नाही म्हणता का?" सर शांतपणे म्हणले, "काका, भिंत कोणी उभी केली एवढंच विचारायलोत आपण. आत रोज दिवा कोण लावतं ते कोणी नाकारलं नाही." आणि लगेच दुसरी बाजूही दिली, की मागून अर्धगोल मंदिर म्हणजे बौद्धच असतं असं नाही, ऐहोळेचं दुर्ग मंदिर त्याच आकाराचं आहे आणि ते हिंदू देवाचंच, त्यामुळं नुसत्या आकारावरून निकाल देता येत नाही. मला हे फार पटलं. इतिहासाच्या नावानं बोलणारे लई जण तोही पोथीसारखाच सांगतात, एकदा लिहिलं की संपलं. इथं पुरावा काय, त्यावर अंदाज काय आणि शंका कुठं राहते हे वेगळं करून सांगितलं.

आणि तिसरं बोलणं तर बाहेर पायरीवर बसलेल्या गावातल्या म्हाताऱ्या आजीकडून आलं. सरांनी विचारलं, आजी, पाडव्याला ओवाळताना काय म्हणता? आजी म्हणल्या, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." देवळात पाय उचललेला विष्णू, आणि त्याच गावात बायका ज्याला त्या पायानं दाबलं त्याचं राज्य मागतात, आणि दोन्ही एकाच घरात, कोणाला त्यात अडचण नाही. महात्मा फुल्यांनी बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून समोर आणलं तेव्हा त्यांनी तो हवेतून आणला नव्हता, तो बायकांच्या तोंडात होताच. आईनं आयुष्यभर हे वाक्य म्हणलंय, ती गाडीत बसल्यावर बराच वेळ त्याच्यावरच बोलत होती.

तुळजापूरला मात्र सहल घसरली. पहिलं म्हणजे गर्दी, आत उभं राहून काही सांगणं शक्यच नाही, म्हणून सगळं पार्किंगमध्ये उन्हात सांगितलं, माईक नाही, मागच्यांना ऐकू येत नव्हतं. माहात्म्य छान सांगितलं, कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती, तिच्या तपात आडवा आलेला कुकुर दैत्य, आणि हाकेला धावून आलेली देवी. पण मूर्ती किती जुनी यावर सर सरळ "हजारो वर्षं" म्हणून मोकळे झाले. हे पोथी सांगते का, घडणीवरून ठरवलं का, कुठल्या लेखात आहे का, काहीच नाही. तेरला जी शिस्त पाळली ती स्वतःच्या कुलदेवीपुढं का सोडायची? मला उलट वाटतं, जिच्यावर जास्त श्रद्धा तिच्याबद्दल जास्त जपून बोलावं. मी हे त्यांना परतीच्या वाटेत बोलून दाखवलं, त्यांनी ऐकून घेतलं.

तुळजापूरला वाचवलं ते देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मावशीनं. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, सहलीवाल्यांनी आधीच ठरवून बोलावलेल्या, मानधन देऊन, हे मला फार बरं वाटलं. ही देवीची मूर्ती चल आहे, वर्षातून तीनदा सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात, भाद्रपदात घोरनिद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. मावशी म्हणल्या, "नऊ दिस लढली माय, अंग दुखत नसंल का तिचं?" दसऱ्याचा पलंग आणि पालखी नगरकडून येतात, तो मान तिकडच्या घराण्यांचा. कोणाचा पलंग, कोणाची पालखी, कोणाचं तेल, हे असले मान वाचता आले तर एवढ्या लोकांनी मिळून ही देवी कशी आपली केली ते दिसतं, आणि मूर्तीच्या घडणीवरून ते कधीच कळणार नाही. मावशींचं गाणं अजून अर्धा तास चाललं असतं तरी कोणी उठलं नसतं, पण गाडीच्या टायमामुळं आवरावं लागलं. सहलीवाल्यांनी इथला वेळ वाढवावाच.

जेवण तुळजापूरबाहेर एका घरी, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. उत्तम. पाण्याच्या बाटल्या कमी पडल्या.

संध्याकाळी खंडोबा. अणदूर आणि नळदुर्ग, दोन गावं आणि देव एकच, वर्षातला जास्त काळ अणदूरला राहतो आणि थोडा काळ नळदुर्गच्या मैलारपुरात, पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा देव अणदूरला होता. मल्हारी माहात्म्य म्हणतं, मणी आणि मल्ल माजले, शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेऊन त्यांना मारलं, चंपाषष्ठी त्याची. हे माहात्म्य स्वतःला ब्रह्मांड पुराणाचा भाग म्हणवतं, पण त्या पुराणाच्या छापील प्रतीत ते सापडत नाही, आणि अभ्यासक ते बरंच अलीकडचं, सोनथायमर तर साधारण 1460 ते 1510 च्या दरम्यानचं मानतात. ते जर्मन होते, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन ओव्या ऐकल्या त्यांनी. आपले लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरेही खंडोबाच्या मागावर वर्षानुवर्षं होते. दोघांनीही कानडी मुलखातला मैलार देव आणि आपला खंडोबा यांची नाळ जोडून दाखवली.

आता कोणी म्हणेल मग माहात्म्य खोटं. सरांनी ते म्हणू दिलं नाही, आणि माझंही मत तेच आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात कोणाला तरी वाटलं की धनगरांच्या, वाण्यांच्या, शिपायांच्या या देवाला संस्कृतात, पुराणात जागा मिळाली पाहिजे, हीच केवढी मोठी ऐतिहासिक बातमी आहे! माहात्म्यातल्या मणी-मल्लाचं वर्ष शोधत बसण्यापेक्षा ते लिहिणाऱ्याचा काळ शोधला तर ते माहात्म्यच पुरावा होतं. आणि बाणाई? खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव मेंढरं राखायला चाकरीला राहतो, ही कथा वाघ्या-मुरळीच्या आणि धनगरांच्या गाण्यात जिवंत आहे, संस्कृत माहात्म्याच्या भरवशावर राहिलो असतो तर ती हातची गेली असती. अणदूरला वाघ्यानं दोन सवतींच्या भांडणाचं गाणं म्हणलं तेव्हा मघाशी चिडलेले काकाच सगळ्यात पुढं बसून ताल धरत होते.

शेवटी एक छापील पुस्तिका देतात, 24 पानी. कागद बरा, फोटो चांगले, पण त्यात तिन्ही गोष्टी एकत्र करून टाकल्यात, कुठलं वाक्य माहात्म्यातलं आणि कुठलं उत्खननातलं हे कळतच नाही. जे तोंडी इतकं नीट करता ते छापताना का नाही? घरी नेलेलं पुस्तकच लोक पुढं दहा वर्षं दाखवणार आहेत, तेव्हा ही दुरुस्ती आधी करा.

5 पैकी 4. एक मार्क पुस्तिकेचा आणि तुळजापूरचा मिळून कापला.

जायचं असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, तुळजापुरात सगळा दिवस जाईल. गुडघ्याचा त्रास असेल तर तुळजापूरच्या पायऱ्यांचं आधीच सांगून ठेवा, ते एक माणूस सोबत देतात, आईला दिला होता. लहान पोरं तेरच्या म्युझियममध्ये रमतात, अणदूरपर्यंत पेंगतात. आणि बुकिंग करताना आराधी मावशी त्या दिवशी येणार आहेत का हे विचारूनच पैसे भरा, त्या नसतील तर तारीख बदला.