आखूड मोज्यांसाठी ओपलची सॉक लोकर आणि निटप्रोच्या कार्बन सुया: घ्याव्यात का?

थेट सांगते, घ्या. घोट्याच्या जरासं वर संपणारे आखूड मोजे हाताने विणायचे असतील तर ओपलची चार पदरी सॉक लोकर महाग वाटली तरी घ्या. मी हे गुंडा नवीन असतानाच्या कौतुकात लिहीत नाहीये, मोजे विणून, घरभर घालून, धुऊन परत घालून झाल्यावर लिहितेय.

माझी भाची स्टुटगार्टला असते. ती यायची असली की आधी फोन, "मावशी, तुला चॉकलेट आणू का लोकर?" आता या प्रश्नाला काय उत्तर असणार. ओपल ही जर्मन कंपनी आहे, मोज्यांच्याच लोकरीसाठी ओळखली जाते, तिकडे शंभर ग्रॅमचा गुंडा साधारण दहा युरोच्या आसपास पडतो, इथे मागवला तर पोस्टेज आणि कस्टम धरून बराच जास्त जातो, त्यामुळे कोणी येणारं असेल तर सांगून ठेवा, वजन काहीच नसतं, बॅगेत कुठेही कोंबता येतो.

लेबलवर 75 टक्के लोकर आणि 25 टक्के पॉलिअमाइड, म्हणजे आपलं नायलॉन, असं लिहिलेलं असतं आणि शंभर ग्रॅममध्ये 425 मीटर धागा. हे दोन आकडे नीट बघा कारण सगळी गंमत त्यातच आहे. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. बाळाच्या टोपीला, स्वेटरला ती ठीक आहे, रंग सुंदर असतात, स्वस्तही असते, पण मोज्यांना ती मला अजिबात पटत नाही. पायाला घाम येतो आणि ॲक्रिलिक तो शोषत नाही, मोजा आतून दमट होतो, आणि ताणला गेला की परत जागेवर यायचं नाव घेत नाही, आठवड्याभरात टाच घोट्यापाशी लोंबायला लागते. खरी लोकर ओलावा ओढून घेते तरी गार लागत नाही. पण नुसत्या मऊ मेरिनो मेंढीच्या लोकरीचे मोजे केले तर टाचेला आणि अंगठ्याखाली लवकर भोक पडतं, म्हणून तो पाव हिस्सा नायलॉन. घासण्याला तोंड द्यायचं काम त्याचं.

आणि इथेच माझं म्हणणं आहे ते नीट सांगते. लोक म्हणतात छोटेसेच तर मोजे आहेत, घरात घालायचे, कशाला एवढी भारी लोकर, उरलीसुरली वापर. उलट आहे हो! लांब मोज्यात बरीच लोकर पोटरीवर बसते, तिथे काही झिजत नाही. आखूड मोज्यात टाच, तळवा आणि चवडा एवढंच असतं, म्हणजे जेवढं विणलं ते सगळंच्या सगळं घासणाऱ्या जागेवर. त्यामुळे मोजा जितका छोटा तितकी लोकर चांगली हवी. खर्चाचंही गणित बसतं, बायकांच्या मापाच्या आखूड जोडीला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम पुरतात, एका गुंड्यात दोन जोड्या आरामात होतात आणि थोडी लोकर उरते.

हाताला ही लोकर पहिल्यांदा मऊ लागत नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पार्सल उघडल्यावर हिरमोड होईल. माझ्या सासूबाईंनी गुंडा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "अगं ही तर सुतळीसारखी लागतेय." पीळ घट्ट असतो ना, म्हणून. विणून एकदा धुतली की फुलते आणि खूप बदलते, त्याच सासूबाई आता थंडी पडली की ते मोजे पायातून काढत नाहीत. पण ज्यांना लोकर अंगाला टोचते त्यांनी आधी गळ्याला लावून बघावी, टोचण्याचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं.

(आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं विणता येईल का असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. ती लोकर भरड, घोंगडीसाठी एक नंबर, पायाखाली अंथरायला बसायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण मोज्यासाठी बारीक सूत आणि लवचिकपणा लागतो तो तिच्यात नाही.)

आता सुया. निटप्रो ही आपल्या भारतातलीच कंपनी आणि जगभरातल्या विणणाऱ्या बायका त्यांच्या सुया वापरतात हे मला मनापासून छान वाटतं. मी घेतल्या त्या त्यांच्या कार्बन्झ नावाच्या सुया, अंग कार्बन फायबरचं, काळं. दोन्हीकडून टोकं असलेल्या, 2.5 मिमी जाडीच्या, 15 सेंटीमीटर लांब, पाच सुयांचा सेट. घरात जुन्या सुया असतील तर त्यावर नंबर असतो, आपल्याकडे जुना ब्रिटिश नंबर चालायचा, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, 12 नंबर म्हणजे 2.75 मिमी आणि 13 म्हणजे 2.25. अमेरिकन पॅटर्नमध्ये बरोब्बर उलटं असतं, तिथला 1 नंबर 2.25 चा आणि 2 नंबर 2.75 चा, त्यामुळे पॅटर्न कुठला आहे ते बघा आणि शक्यतो मिलिमीटरच धरून चला. कार्बनच्या सुया हलक्या, हाताला गार लागत नाहीत, आणि एवढ्या बारीक असून दाबल्यावर किंचित वाकून परत सरळ होतात. या जाडीला लाकडी सुया मी घट्ट विणणाऱ्या कोणाला सुचवणार नाही, कुठल्याही कंपनीच्या असल्या तरी, एवढं बारीक लाकूड शेवटी लाकूडच. स्टीलच्या मजबूत असतात पण टाके सटासट निसटतात आणि वजनाने सुई मधूनच गळून पडते. कार्बनचा पृष्ठभाग जरा धरून ठेवतो, टाका जागेवर राहतो. किंमत स्टीलच्या कितीतरी पट आहे, पण एकदाच घ्यायच्या आहेत. गोल सुईवर मॅजिक लूपने, म्हणजे एकाच लांब गोल सुईची तार मधून ओढून घेत, करणाऱ्यांना हा खर्च करायची गरज नाही, मला स्वतःला चार सुयांवर टाके आणि पाचवीने विणणं हेच जमतं आणि आवडतं.

मी नेहमी 60 टाके घालते, पाय पाच-सहा नंबर चपलेचा असेल तर पुरे. लेबलवर दहा सेंटीमीटरला 30 टाके येतात असं दिलंय आणि माझ्या हाताने तेवढेच येतात, म्हणजे मोजा वीस सेंटीमीटर घेराचा, पायाच्या घेरापेक्षा दीडदोन सेंटीमीटर कमीच. तो कमीच हवा. पायाच्या मापाचा तंतोतंत विणला की मोजा चपलेत, बुटात घसरत जातो, आखूड मोज्यांची सगळ्यात मोठी कटकट हीच आहे, चालता चालता टाचेखाली गोळा होतो. म्हणून वरची पट्टी मी 2.25 च्या सुईवर करते, एक सुलट एक उलट, जेमतेम तीन सेंटीमीटर, आणि टाके सैल घालते, कारण कडा घट्ट झाली की घोट्यावर वळ उठतो.

पट्टी झाली की लगेच टाच, आखूड मोज्यात मध्ये काही नसतंच. 30 टाके बाजूला ठेवायचे, उरलेल्या 30 वर टाचेची पट्टी. सुलट बाजूने एक टाका न विणता नुसता सरकवायचा, एक सुलट, असं ओळभर, उलट बाजूने पहिला सरकवून बाकी सगळे उलट. सरकवलेल्या टाक्यांमागून धागा जातो त्यामुळे टाच जाड आणि भरीव होते, दुहेरी विणल्यासारखी. 30 ओळी करा, कंटाळून 24 वर थांबू नका! टाच उंच असली तरच मोजा मागून खाली उतरत नाही. मग टाच वळवायची, म्हणजे मधल्या टाक्यांवर मागेपुढे विणत, टाके कमी करत खळगा करायचा, 30 चे 18 टाके होतात, दोन्ही कडांवरून पंधरा-पंधरा टाके उचलायचे, बाजूला ठेवलेले 30 धरून एकूण 78, आणि एक फेरी सोडून एक अशी दोन-दोन टाके कमी करत परत 60 वर यायचं. सपाट पट्टीला अचानक टाचेचा खळगा येतो तो क्षण मला प्रत्येक वेळी तितकाच आवडतो, कितीही जोड्या केल्या तरी.

ओपलच्या रंगांबद्दल सविस्तर लिहायलाच हवं कारण लोक रंग बघूनच ती घेतात. धागा असा रंगवलेला असतो की तुम्ही नुसतं सुलट विणत गेलात तरी आपोआप पट्टे आणि नक्षी पडते, धागा बदलायचा नाही, गाठी नाहीत. पण हा हिशोब साधारण 60-64 टाक्यांच्या फेरीसाठी असतो. टाचेच्या पट्टीत टाके निम्मे, म्हणजे तोच रंग दुप्पट ओळी पुरतो आणि पट्टा रुंद होतो, आणि नंतर 78 टाक्यांच्या फेऱ्यांमध्ये पट्टे एकदम बारीक दिसतात. लांब मोज्यात वर पोटरीला भरपूर नक्षी असते त्यामुळे हे खपून जातं, पण आखूड मोज्यात घोट्यापाशी सगळ्यात दिसणारी जागाच तुटक होते. मी यावर केलेला उपाय एकदम सोपा आहे, पट्टी, टाच आणि चवड्याचं टोक एकरंगी सॉक लोकरीत करायचं आणि पट्टेवाली फक्त मधल्या भागाला. निळ्या-हिरव्या पट्ट्यांना लालभडक टाच काय दिसते! शिवाय चवड्याचं टोक झिजलं तर तेवढंच उसवून परत विणता येतं. जोडी हुबेहूब सारखी हवी असेल तर दुसरा मोजा सुरू करताना धाग्यावर पहिल्यासारखाच रंग येईपर्यंत गुंडा उलगडून घ्या, तेवढा धागा वेगळा काढून ठेवा.

टोकाला चार-चार टाके कमी करत आणायचं आणि शेवटचे टाके सुईने जोडायचे, त्याला सगळे किचनर म्हणतात, तोच लॉर्ड किचनर जो 1902 ते 1909 हिंदुस्थानात सरसेनापती होता. ही जोडणी शिकून घ्याच, बोटांना शिवण टोचत नाही.

अंगठा वेगळा असलेले, चपलेत घालायचे मोजे या लोकरीत होतील का? होतात, आणि छान होतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये उत्खननात सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, दीड हजार वर्षांहून जुने, आणि त्यांनाही अंगठ्याचा कप्पा वेगळा आहे, सँडलबरोबर घालायचे म्हणून. आजकालच्या दोन सुयांच्या पद्धतीचे नाहीत ते, एकाच शिवणकामासारख्या सुईने केलेले आहेत, पण गरज बघा, आपल्या घरात डिसेंबरच्या सकाळी चप्पल घालून ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईची जी आहे तीच.

धुण्याचं म्हणाल तर कंपनी मशिनमध्ये 40 अंशाला चालेल म्हणते, ही सुपरवॉश लोकर आहे, म्हणजे तंतूंवरचे खवले प्रक्रिया करून गुळगुळीत केलेले असतात त्यामुळे ती आटून नमद्यासारखी होत नाही. मी तरी बादलीतच धुते, कोमट पाणी, अगदी थोडं लिक्विड, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवे ठेवायचे. आपल्या उन्हात रंग उडतात, मग लोकर कितीही चांगली असो. उन्हाळ्यात ठेवताना मात्र काळजी घ्या, लोकर आहे, कसर लागते, कडुलिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मधूनमधून काढून झटका.

एक गोष्ट खरंच गंभीरपणे सांगते. व्हिट्रिफाइड टाइल्सवर हे मोजे घसरतात, हाताने विणलेले कुठलेही घसरतात. घरात वयस्कर माणूस असेल तर तळव्याला रबरी ठिपके द्यायचं लिक्विड मिळतं ते लावल्याशिवाय त्यांना देऊ नका. सासूबाईंच्या जोडीला मी टाचेला आणि चवड्याखाली दोन्हीकडे लावलंय.

कोणी घेऊ नये? ज्यांनी अजून फेरीत, गोल असं काहीच विणलेलं नाही त्यांनी एकदम ही लोकर आणि 2.5 च्या सुया घेऊ नयेत, धागा बारीक, टाके दिसायला वेळ लागतो, कंटाळा येऊन सोडून द्याल. आधी जाड लोकरीवर 4 मिमीच्या सुयांनी एक टाच वळवून बघा, घालायची नाही, नुसती हाताला कळावी म्हणून. आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी एसी ऑफिस किंवा प्रवास असेल तरच, नाहीतर बाराही महिने डब्यातच राहतील. पुणे, नाशिक, महाबळेश्वरवाल्यांनी बिनधास्त घ्या.

उरलेल्या लोकरीतली चार-पाच मीटर रंगाप्रमाणे गुंडाळून त्याच मोज्यांच्या डब्यात ठेवा. टाच पारदर्शक दिसायला लागली की भोक पडायची वाट न बघता त्याच धाग्याने वरून रफू करून घ्या, मोजा पालथा घालून बल्बवर ताणून धरला की टाके नीट दिसतात.