जावाच्या लिस्टमधल्या किमती बदलताना: सात महिन्यांचा अनुभव

ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठली तेव्हा म्हापशात धाकट्या काकांच्या मासळीच्या दुकानासाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटा बिलिंग प्रोग्रॅम लिहिला. मासळीचा दर सकाळी एक, दुपारी दुसरा. त्यामुळे लिस्टमधल्या किमती बदलण्याचे झाडून सगळे प्रकार वापरून झाले.

पहिल्याच दिवशी फॉर-ईचने, म्हणजे लिस्टमधला एकेक दर हातात देणाऱ्या लूपने, फसवलं. लूपमध्ये 'दर = दर + 20' लिहिलं, एरर नाही, आणि लिस्ट जशीच्या तशी! लूपमधलं ते नाव म्हणजे हातातली चिठ्ठी. तिच्यावर खाडाखोड केली म्हणून दुकानाची पाटी बदलत नाही.

एकच दर बदलायचा तर सेट ही मेथड, म्हणजे लिस्टला सांगायचं तयार काम. जागेचा क्रमांक द्या, नवा आकडा द्या. वर ती जुना आकडा परत देते. काकांचा रोजचा प्रश्न 'काल काय होता रे?', त्याचं उत्तर फुकटात मिळालं.

खरा घोळ केला कलेक्शन्स या जावाच्या तयार क्लासमधल्या रिप्लेसऑलने, म्हणजे मीच. बांगडा 200 वरून 240 करायचा होता. ही मेथड जुनी किंमत शोधून जिथे सापडेल तिथे बदलते. तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) वाटाही 200 चाच होता. दुपारी काकांचा फोन, 'तिसऱ्या कोणी महाग केल्या?' तेव्हापासून ती मेथड बंद.

सगळेच दर वाढवायचे असतील तर लिस्टची स्वतःची रिप्लेसऑल, जी 2014 च्या जावा 8 पासून आहे. लॅम्डात, म्हणजे जागेवरच लिहिलेल्या छोट्या बिननावाच्या फंक्शनमध्ये, हिशोब एकदा सांगितला की प्रत्येक दराला लागू. मी तिथेच दहाच्या पटीत करून घेतो, सुट्ट्यांची कटकट नको. माझी आवडती हीच.

तक्रार एकच: लिस्ट.ऑफने बनवलेली यादी बदलताच येत नाही, आणि हे प्रोग्रॅम चालण्याआधी तपासणारा कंपायलर सांगत नाही, गिऱ्हाईक समोर असताना एक्सेप्शन, म्हणजे चालता चालता आलेली एरर, सांगतं. अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्टचं आणखी निराळं, दर बदलणारं सेट चालतं पण नवी नोंद जोडणारं अ‍ॅड नाही. आता कुठलीही यादी आधी बदलता येणाऱ्या नव्या अ‍ॅरेलिस्टमध्ये ओततो.

चवथीच्या दिवसांत दुकान बंद होतं तेव्हा मासळी नावाचा क्लास (दर पोटात ठेवणारा साचा) करायला हवा होता. केला गेल्या आठवड्यात. आता त्याच फॉर-ईचमध्ये मासळीच्या सेटदर या मेथडला 240 दिले की बदल टिकतो, कारण चिठ्ठीवर आता आकडा नाही, त्या बांगड्याचाच पत्ता असतो.