लॉनखालची निळी टाईल

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या स्वयंपाकघराचं सिंक तुंबलं. प्लंबर आला आणि त्याचा पहिलाच प्रश्न, "चेंबर कुठंय?" हे मागच्या अंगणात गेले आणि तिथेच उभे राहिले. सगळीकडे लॉन, चेंबरचं झाकण त्याखाली कुठेतरी पुरलेलं. प्लंबरने अंदाजाने पहार मारायला सुरुवात केली. तिसऱ्या घावाला 'खण्ण' झालं. झाकण सापडलं म्हणून आम्ही हुश्श केलं, तर वर आला बाथरूमच्या निळ्या टाईलचा तुकडा. आमच्या घरात निळी टाईल कुठेच नाही.

मग अजून उकरलं. विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, सिमेंटच्या गोणीची चिंधी, एक अख्खा तुटका कमोड! वर दोन इंच लाल माती आणि तिच्यावर हिरवंगार, म्हणजे तोवर पिवळंजर्द झालेलं, लॉन.

आम्ही तळेगाव दाभाड्याला घर बांधलं तेव्हा सासूबाईंची मागणी साधी होती. मागे मोरीच्या पाण्यावर अळू, एक कढीपत्ता, गवती चहा, पुढे दारात पारिजातक. मुलाला लॉन हवं होतं, मला झोपाळा. एवढ्यासाठी माळीबाबा पुरले असते. पण कुणीतरी एका लँडस्केपवाल्याचा नंबर दिला आणि तो लॅपटॉप घेऊनच आला. थ्रीडी चित्रात आमचं घर ओळखू येत नव्हतं इतकं सुंदर! दगडी पायवाट, झोपाळा आणि कुंपणाकडेने जांभळं लव्हेंडर. लव्हेंडरला कोरडी हवा लागते, मावळातल्या जुलैत ते कुजेल, हे मला नंतर कळलं. त्याला ते आधीपासून ठाऊक असणार.

"काकू, चौरस फुटाला 210 रुपये, सगळं धरून. तुम्ही टेन्शनच घेऊ नका." पुढचं-मागचं मिळून 900 चौरस फूट, म्हणजे 1,89,000 रुपये. 'सगळं धरून' म्हटलं की माती किती, झाडं किती आणि केवढी, पाइप कुठला, हे विचारायचं आपल्याला सुचतच नाही. आम्हालाही सुचलं नाही. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी वर लागेल." 34,000 वाचले म्हणून आम्हीच खूश. हा आमचा दोष, तो लपवत नाही. पैसे ज्या यूपीआयवर पाठवले तिथे नाव भलत्याच माणसाचं दिसत होतं, तेही चाललं आम्हाला. अर्धे पैसे सुरुवातीला, 40 टक्के माल येताना, 10 टक्के शेवटी. हे ऐकायला रास्त वाटतं, पण लॉनचा पहिला तुकडा अंथरण्याआधी त्याच्या हातात 1,70,100 रुपये होते.

आता मातीचं. माती ब्रासवर विकतात आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. नऊ इंच थर हवा तर 900 गुणिले पाऊण फूट म्हणजे 675 घनफूट, पावणेसात ब्रास. आम्ही विचारलं नव्हतं, तरी त्याने आपणहून सात ब्रास लिहिले होते, हिशेब अगदी चोख. दोन इंचांना लागते जेमतेम दीड ब्रास. उरलेल्या खड्ड्यात त्याने कुणाचं तरी पाडलेलं बाथरूम भरलं. राडारोडा टाकायला जागा मिळत नाही, म्हणजे तिकडूनही त्याने पैसे घेतले असतील, असा यांचा कयास आहे. आणि हे झालं कधी? आम्ही सांगलीला भाचीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा. तारखा त्यानेच विचारून घेतल्या होत्या. "घर रिकामं असलं की तुम्हाला धुळीचा त्रास नाही, काकू."

परत आलो तर गालिचा! मेक्सिकन लॉन तुकड्या-तुकड्यांनी येतं, तळाला त्याची स्वतःची पातळ माती असते. रोज पाणी मारलं तर ते फरशीवरसुद्धा काही दिवस हिरवं राहील. मुळं खाली उतरायला लागतात तेव्हा खरं काय ते कळतं. सिमेंट-चुन्याच्या चुऱ्याने माती अल्कधर्मी होते, तिच्यातलं लोह मुळांना मिळत नाही, पानं पिवळी पडतात. त्यात दबलेल्या ढिगाऱ्यातून पावसाचं पाणी खाली जाईना. लॉन गेलं आणि मातीतून आलेला लव्हाळा मात्र उभा राहिला. लव्हाळा नम्र असतो असं शाळेत शिकवलं होतं. आमचा अजिबात नाही, उपटला की खालच्या गाठी तशाच राहतात आणि आठवड्यात परत हजर.

मागच्या बाजूला भर घालताना त्याने अंगण जोत्याच्या वर नेलं आणि उतार घराकडे ठेवला. स्वयंपाकघराच्या भिंतीला हातभर ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. झाडं मेली तर दुसरी आणता येतात. ही भिंत मात्र अजून खर्च मागते आहे.

हापूसच्या कलमाची गोष्ट तर हसण्यासारखी. राजापूरचे मावसदीर गणपतीत आले, त्यांनी बुंध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडली आणि म्हणाले, "वहिनी, हिच्याखाली जोडच नाही. ही रायवळ कोय आहे, पट्टी नुसती गुंडाळलीय." कलमाच्या खुंटावर, मातीपासून वीतभर उंचीच्या आसपास, जोडाची तिरकी खूण दिसते. झाड घेताना ती बोटाने चाचपून बघायची. त्यासाठी उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत एक रविवार घालवला असता तर झाडं स्वतः निवडून आणता आली असती. लव्हेंडरच्या जागी त्याने कुंपणाला 24 कोनोकार्पस लावले होते, "भराभर वाढतं, आडोसा होतो" म्हणून. गुजरातने 2023 मध्ये ज्याच्या लागवडीवर बंदी घातली ते हेच झाड. त्याची मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात, आणि आमच्याकडे ते चेंबरपासून तीन फुटांवर होतं.

फोनवर तो पहिल्यांदा गोड बोलला. "काकू, झाड जिवंत वस्तू आहे, त्याची गॅरंटी कोण देणार?" मी म्हटलं, "कमोड जिवंत नव्हता रे." त्यानंतर फोन उचलणं बंद.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ओळखीच्या वकीलताई म्हणाल्या, बिल नसलं तरी बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सअपवरचं बोलणं पुरावा म्हणून मांडता येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्यांची नोटीस गेल्यावर 40,000 परत आले. बाकीच्यासाठी आयोगाकडे जायचं की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे. मी जायच्या बाजूची.

राडारोडा उपसून न्यायला चार ट्रॉल्या लागल्या. या वेळी काम माळीबाबांकडे होतं, आणि नवीन माती पडताना मी खुर्ची टाकून बसले होते, हातात फूटपट्टी. माळीबाबा हसले, हसू देत. लॉन अंथरण्याआधी चार ठिकाणी उकरून थर मोजला, चेंबरच्या झाकणांचे फोटो काढून ठेवले, उतार बघायला बादलीभर पाणी ओतलं. त्यांचे पाव पैसे पहिला पाऊस संपल्यावर द्यायचे ठरलंय आणि त्यांनी त्याला कुरकुर केली नाही. माझ्या मते यातच माणूस कळतो.

मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतली एक नवी शेजारीण मोबाईल घेऊन आली. "ताई, बघा ना, आमच्या अंगणाचं डिझाईन आलंय." दगडी पायवाट होती, जांभळं लव्हेंडर होतं. झोपाळा तेवढा डावीकडून उजवीकडे गेला होता. मी तिला म्हटलं, "आत ये, आधी तुला एक टाईल दाखवते."