मुंबई–न्यूयॉर्क: थेट की दुबईमार्गे?

आई-बाबांना पहिल्यांदाच न्यूयॉर्कला बोलावताय आणि तिकिटावर अडलाय? मग आधी अंतर बघा. मुंबई–न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर सुमारे 12,500 किमी, दुबईमार्गे साधारण 12,900. म्हणजे वळसा नावापुरताच.

खरा फरक वेळेचा. थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात. दुबईमार्गे आधी तीन, मग चौदाएक तास, शिवाय मधला थांबा. तो तीन तासांचा असेल तर एकूण वीस. येताना पश्चिमेकडचे जोरदार वारे पाठीशी असतात, त्यामुळे प्रवास थोडा आटोपतो.

पैशांत थेट तिकीट बहुतेकदा महाग, पण तारखेनुसार गणित उलटंही होतं.

दगदगीचं मात्र सरसकट सांगता येत नाही. सलग सोळा तास बसून पाय सुजतात. दुबईत ते मोकळे होतात, पण अवाढव्य विमानतळावर गेट शोधावं लागतं. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. आणि दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्ताई साधू नका, पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात.

एकटे, भाषेला बिचकणारे ज्येष्ठ असतील तर थेटच. गुडघेदुखी असेल, सोबत कुणी असेल किंवा खिसा सांभाळायचा असेल, तर दुबई.