सपाट कालवा की चढाची रेल्वेवाट: सी अँड ओ आणि गॅप

अमेरिकेच्या पूर्व भागात, मोटारींचा आवाजही येणार नाही अशा खडीच्या वाटेवरून काही दिवस सायकल चालवायची म्हटलं की दोन नावं हमखास समोर येतात. पहिली सी अँड ओ, म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागातून निघून पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने ती कंबरलँड गावापर्यंत जाते, लांबी 184.5 मैल, म्हणजे जवळपास 297 किलोमीटर. दुसरी ग्रेट ॲलेगनी पॅसेज, जिला सगळे नुसतं 'गॅप' म्हणतात. ती त्याच कंबरलँडहून डोंगर ओलांडून पिट्सबर्गला उतरते, 150 मैल, म्हणजे सुमारे 240 किलोमीटर. दोन्ही वाटा कंबरलँडला एकमेकींना मिळतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांची सुट्टी असेल तर निवडायचा प्रश्नच नाही, सलग दोन्ही करा. खाली लिहिलंय ते तेवढी सुट्टी नसलेल्यांसाठी.

बहुतेक जण चढ-उताराचा आलेख बघतात आणि कालवा निवडून मोकळे होतात. आलेख तसा आहेही. कालव्याची वाट अख्ख्या अंतरात फक्त 605 फूट चढते, आणि तेही 74 लॉकमध्ये, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांमध्ये, वाटून. प्रत्येक लॉकपाशी सात-आठ फुटांचा एक छोटा उंचवटा, की पुढे पुन्हा मैलोन्‌मैल सपाट. गॅपवर मात्र कंबरलँड सोडल्यापासून पहिल्या 24 मैलांत साधारण 1,770 फूट चढायचं असतं. आकडे असे शेजारी ठेवले की गॅपची धास्ती वाटणं साहजिक आहे. तरीही पहिलीच मोठी सफर असेल तर मी डोळे मिटून गॅप सांगेन.

कारण चाकाखालची जमीन. कालव्याची वाट माणसांसाठी नव्हे, खेचरांसाठी बांधलेली. पाण्यातली बोट दोराने ओढत ती काठावरून चालायची. त्यामुळे बऱ्याच भागात आजही मुळात माती आहे: चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी, आणि झाडांची मुळं वर आलेली. ही वाट आता राष्ट्रीय उद्यान आहे; उद्यानाच्या यंत्रणेने अलीकडच्या वर्षांत लांबलांब पट्ट्यांवर दगडाची भुकटी टाकून दाबली आहे आणि तिथे सायकल झकास पळते, पण असा पट्टा संपला की पुन्हा खड्डे चुकवणं सुरू. बहुतेक वाट गर्द सावलीत आहे. उन्हाळ्यात त्याचा आनंद वाटतो, पण पावसानंतर तीच सावली चिखल वाळू देत नाही. चिकणमाती टायर आणि मडगार्डच्या फटीत जाऊन बसते आणि चाक फिरेनासं होतं. मग थांबा, काडी शोधा, कोरून काढा, निघा, आणि अर्ध्या मैलावर पुन्हा थांबा. दिवसाला 60 मैल ठरवलेले असतात, ते 35 वर येतात.

गॅप जुन्या रेल्वेमार्गांवर बांधलेली आहे. रुळांखालची जाड खडी तशीच राहिली, तिच्यावर चुनखडीची बारीक खडी पसरून रोलर फिरवला. रेल्वेच्या लोकांनी पाण्याचा निचरा आधीच नीट केलेला असल्यामुळे रात्रभर कोसळला तरी सकाळी वाट बहुधा चालण्याजोगी असते. 32 मिलिमीटरच्या टायरची साधी हायब्रिड सायकल इथे आरामात चालते. कालव्यावर मात्र 40 मिलिमीटरच्या खालचा टायर घेऊन जाऊ नये, आणि मडगार्ड लावणार असाल तर त्यात भरपूर जागा ठेवा.

सपाट वाटेचा आणखी एक त्रास आलेखात दिसत नाही. तिथे उतारच नसतो, म्हणून पाय थांबत नाहीत. सीटवर तेच बूड, हँडलवर तेच तळवे, तासन्‌तास. दुपारनंतर तळहातांना मुंग्या येऊ लागतात त्या याच कारणाने. गॅपच्या चढाची भीतीसुद्धा जवळ गेल्यावर कमी होते. जड मालगाड्यांना चढता यावं म्हणून तो मार्ग आखलेला, त्यामुळे तीव्रता पावणेदोन टक्क्यांच्या वर जात नाही. हलका गिअर टाकून, शेजारच्याशी गप्पा मारत चढण्यासारखा हा चढ आहे. फक्त तो लवकर संपत नाही.

गॅप कुठल्या टोकाने सुरू करावी यावर सायकलवाल्यांचं एकमत नाही. पिट्सबर्गहून निघालात तर 126 मैल इतका अलगद चढ आहे की जाणवतही नाही, आणि 2,392 फुटांवरच्या जलविभाजकानंतर, म्हणजे वाटेवरच्या सर्वांत उंच जागेनंतर, कंबरलँडपर्यंत सलग 24 मैलांचा उतार मिळतो. कंबरलँडहून निघालात तर अवघड भाग पहिल्याच दिवशी, ताज्या पायांनी उरकतो. मला दुसरी दिशा आवडते. बिग सॅव्हेज बोगद्याच्या तोंडाशी दम खायला थांबतो तेव्हा मागे वळून मेरीलँडच्या डोंगररांगा बघता येतात. उताराने येणारे ब्रेकवर बोटं ठेवून त्या तशाच मागे टाकतात. हा बोगदा सुमारे 3,300 फूट लांब असून आत दिवे आहेत. हिवाळ्यात त्याचे दरवाजे बंद करतात, म्हणून डिसेंबर ते मार्च आखणी करत असाल तर अख्खी गॅप सलग होणार नाही हे धरूनच चला.

इतिहासाची आवड असेल तर मात्र कालव्याला तोड नाही. 4 जुलै 1828 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिली कुदळ मारली, आणि त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बी अँड ओ, म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचंही काम सुरू झालं. रेल्वे 1842 मध्ये कंबरलँडला पोहोचली. कालवा 1850 मध्ये पोहोचला, तोवर शर्यत हरलेला होता. 1924 च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या. पुढे इथून मोटाररस्ता काढायचं घाटत होतं, तेव्हा 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वृत्तपत्राच्या संपादकांना सोबत घेऊन ही वाट पायी तुडवली. 1971 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. आज इथे मोटारी नाहीत त्याचं बरंचसं श्रेय त्या पायपिटीला जातं.

हा इतिहास वाटेवर हाताला लागतो. लॉकच्या काठावरच्या दगडांवर बोट फिरवून बघा, दोर घासून पडलेल्या खाचा सापडतात. मोनोकसी नदीवरून कालवा सात कमानींच्या दगडी पुलावरून नेला आहे. अशा पुलांवर सायकलवरून उतरून चालायचं, असा नियम आहे आणि तो पाळावा. पॉ पॉ बोगदा 3,118 फूट लांब आहे. आत दिवे नाहीत, वाट अरुंद, एका बाजूला लाकडी कठडा, पलीकडे काळं पाणी, वरून विटांच्या कमानीतून थेंब. टॉर्च लावून सायकल ढकलत जा. मध्यावर दोन्ही तोंडं नाण्याएवढी दिसतात.

गॅपवर इतिहास कमी, नद्या आणि दऱ्या जास्त. सॉल्सबरीचा पूल 1,900 फूट लांब आणि खालच्या दरीपासून शंभरेक फूट उंच आहे. भर वाऱ्यात हँडल घट्ट धरावं लागतं. तिथून पुढे कॅसलमन नदीची सोबत. मग कॉन्फ्लुअन्स गावी ती यॉकागेनीला मिळते आणि ओहायोपाइलच्या घळीत शिरल्यावर खाली खळाळत्या पाण्यात तराफे दिसू लागतात. नुसतं निसर्गाच्या बाजूने मोजलं तर कॉन्फ्लुअन्स ते कनेल्सव्हिल हा टप्पा मला दोन्ही वाटांवर सर्वांत सुंदर वाटतो. फक्त दोनच दिवस असतील तर तेवढाच करा.

मुक्कामाचा हिशेब उलटा आहे. तंबू टाकायचा असेल तर कालवा स्वस्तात मस्त. वॉशिंग्टनच्या लगतचा भाग सोडला तर दर काही मैलांवर पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी मोफत जागा आहेत. तिथे हातपंप, फिरतं शौचालय, टेबल असतं. आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा, आणि एका जागी एकच रात्र. पंपाच्या पाण्यात आयोडीन असल्याने चव विचित्र लागते, आणि थंडीत पंप बंद असतात. काही जुनी लॉककीपरची घरंही भाड्याने मिळतात, पण ती बरीच आधी ठरवावी लागतात. खाण्याच्या सामानासाठी मात्र गावं लांब आहेत, त्यामुळे एक दिवसाचं जास्तीचं जवळ ठेवा. गॅपवर फ्रॉस्टबर्ग, मायर्सडेल, रॉकवुड, कॉन्फ्लुअन्स अशी गावं सोयीच्या अंतराने येतात आणि ती सायकलवाल्यांना सरावलेली आहेत. छोटी बॅग, रात्री पलंग आणि गरम पाणी हवं असेल तर गॅपच बरी.

कालवाच करायचा हे ठरलं असेल आणि ऐन वेळी पावसाचा अंदाज आला तर एक पळवाट आहे. हॅन्कॉक गावाच्या आसपास वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल नावाची डांबरी वाट कालव्याला समांतर जाते, जवळपास 28 मैल. मोटारी तिच्यावरही नाहीत. चिखलाचा दिवस तिथे काढा आणि वाट वाळली की परत काठावर या. वसंतात पोटोमॅकला पूर आल्यास कालव्याचे काही भाग बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या सूचना बघून घ्या. भर उन्हाळ्यात दमट हवा आणि डास कालव्यावर जास्त. मला विचाराल तर दोन्हींसाठी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर.

परतीसाठी ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वेची गाडी वॉशिंग्टन, कंबरलँड आणि पिट्सबर्ग तिन्ही ठिकाणी थांबते आणि सायकल घेते. पण सायकलींच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे मुक्काम ठरवायच्या आधी ते तिकीट काढा आणि बाकीचं वेळापत्रक त्या तारखेवरून मागे मोजत आखा.