सेकंडहँड टू-कलर जीटीओ: पावसाळा, दिवाळी, लग्नसराई काढल्यावरचा अनुभव

मशीन हायडलबर्ग जीटीओझेड ५२, म्हणजे दोन कलरचं ऑफसेट छपाईचं मशीन, अर्थातच जुनं, उन्हाळ्यात घेतलं. त्याआधी आमच्याकडे एक सिंगल कलर मिनी ऑफसेट आणि वडिलांच्या वेळचं ट्रेडल, म्हणजे खिळ्यांच्या छपाईचं जुनं मशीन. कामं म्हणाल तर पुण्यात नारायण पेठेत सगळ्यांकडे असतात तीच, लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, क्लासवाल्यांची हँडबिलं, डॉक्टरांच्या फायली आणि गणपतीत मंडळांच्या पावत्या नि अहवाल. एक काम बहुतेक पाचशे ते दोन हजार प्रतींच्या आतलं. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं यावरच आहे, ज्याच्याकडे दहा-वीस हजारांची कामं पडतात त्याने माझं ऐकायचं काही कारण नाही.

जीटीओ १९७२ च्या द्रुपा या जर्मनीतल्या छपाई प्रदर्शनात पहिल्यांदा आलं, सिंगल कलर, मग दोन, चार, पाच कलरपर्यंत मॉडेल निघाली. आता नवीन मिळत नाही, जे काय आहे ते वापरलेलंच. विकणारा पहिलं वाक्य टाकतो ते स्पीडचं, ताशी ८०००. ठीक आहे, मशीन पळतं तेवढं. पण हजार शीटचं काम ६००० ने चाललं तरी दहा मिनिटात संपतं हो! प्लेटा लावा, रजिस्टर धरा म्हणजे रंगावर रंग बरोबर बसवा, शाई-पाणी जुळवा (प्लेटच्या कोऱ्या भागाला शाई लागू नये म्हणून पाणी), काम झालं की ब्लँकेट, म्हणजे प्लेटवरची शाई कागदावर उतरवणारं रबर, धुवा, कलर बदलायचा असला तर रोलर धुवा, यात पाऊण तास कुठे गेला कळत नाही. ८००० चं ७००० झालं तर मला हजार शीटमागे मिनिटभराचा फरक पडतो, आणि धुलाईतले पंधरा मिनिटं वाचली तर संध्याकाळपर्यंत एक-दोन कामं जास्त निघतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की छोट्या प्रेसने मशीन चालताना बघू नये, दोन कामांच्या मधे बघावं. विकणाऱ्याला सांगा, काळा चालू आहे ना, आता पिवळा टाकून दाखवा, आणि घड्याळ लावून बसा.

बघायला गेलो तेव्हा आपली प्लेट आणि आपला कागद घेऊन गेलो होतो, सगळ्यांनी तेच करा. सीटीपीवाल्याकडून, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्लेट काढून देणाऱ्याकडून, एक टेस्ट प्लेट काढून घेतली, त्यात पूर्ण रुंदीभर सॉलिडचा म्हणजे भरीव शाईचा पट्टा, खाली तेवढाच ५० टक्के स्क्रीनचा म्हणजे बारीक ठिपक्यांचा पट्टा, आणि चारी कोपऱ्यांत बारीक क्रॉस. सॉलिडमध्ये ब्लँकेट सिलिंडर कुठे दबलेला असेल तर फिकट डाग दिसतो. स्क्रीनमध्ये आडव्या रेघा दिसल्या तर त्या सारख्या-सारख्या अंतरावर, गिअरच्या दाताएवढ्या आहेत का ते बघायचं, असतील तर गिअर झिजलाय, नमस्कार करून घरी यायचं. एखाद-दुसरी रेघ एका ठराविक जागीच येत असेल तर बहुतेक रोलरचं सेटिंग किंवा रोलरच खराब, तो खर्च आहे पण मशीन सोडण्यासारखं कारण नाही. मग छापलेलेच शे-दोनशे शीट काहीही न हलवता परत फीडरला लावून दुसऱ्यांदा छापायला लावले. क्रॉसवर क्रॉस बसला पाहिजे. दोन-दोन क्रॉस दिसायला लागले तर कागद पकडणारे ग्रिपर नाहीतर त्याची जागा धरणारे ले गेलेत. हे हळू स्पीडला पण करा आणि फुल स्पीडला पण, हळूला सगळीच मशीनं गुणी असतात.

काउंटरवरचा आकडा वाचू पण नका, तो बदलता येतो. वर्ष काढायचं तर सिरियल नंबरवरून. ताजा रंग मारलेलं मशीन दिसलं की मी उलट जास्त वाकून बघतो, तेलकट-मेणचट असलेलं परवडतं पण गंज नको. आणि ब्लँकेट काढायला लावाच, विकणारा कां-कूं करेल, तरी लावा. कधीतरी पाच-सात शीट एकदम आत गेलेले असतात आणि सिलिंडरला खड्डा पडलेला असतो, मग आयुष्यभर त्या जागी टिश्यू चिकटवत बसा.

रोलर "आत्ताच बदललेत साहेब" असं सांगितलं होतं. माझ्याकडे रबराचा कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर होता. शाईचा नवा रोलर साधारण ३० ते ३५ शोअर भरतो, इथे ४५ च्या पुढे, आणि वर चकाकी आलेली. रोलर असा कडक-गुळगुळीत झाला की शाई नीट धरत नाही आणि धुतलाही जात नाही पटकन, म्हणजे परत तोच मधला वेळ. किमतीत तेवढे पैसे कमी करून घेतले आणि मशीन उभं राहायच्या आधीच सगळा सेट नव्याने रबर चढवून आणला. जुनं मशीन घेताय तर हा खर्च बजेटमध्ये धराच, रोलर चांगले निघाले तर बोनस समजा.

आणायचं प्रकरण थोडक्यात: पेठेतल्या गल्लीत दिवसा क्रेन-टेम्पो उभा करणं विसरा, रात्री आणलं, चेन पुलीने आत घेतलं, थ्री फेजचा लोड आधीच वाढवून ठेवला होता. जमीन लेव्हल नसेल तर आधी ती करा.

आता साइज, इथे लोक खरंच फसतात. मशीनला जास्तीत जास्त ३६ × ५२ सेमी शीट जातो, आपल्या भाषेत १४ × २०. आता २० × ३० चा कागद अर्धा केला की १५ × २० होतो, आणि १५ इंच म्हणजे ३८ सेमी, जात नाही! प्रत्येक शीटची इंचभर पट्टी रद्दीत. २८ × ४० चे चार केले की बरोबर १४ × २० येतात, पत्रिकांना मी तोच मागवतो. लेटरहेडला २३ × ३६ चे चार केले तर ११½ × १८, त्यात ए-फोरची उंचीच बसत नाही, ती ११.७ इंच आहे, मग २५ × ३६ घ्यायचा म्हणजे १२½ × १८, दोन लेटरहेड आरामात. तुमच्याकडे जास्त काम ए-फोर हँडबिलांचं असेल आणि एका शीटवर चार बसवायचे असतील तर हे मशीन तुमचं नाहीच, १९ × २६ चं बघा, प्लेट महाग पडेल, जागा जास्त लागेल, पण इम्प्रेशन निम्मे होतील.

मुख्य तक्रार म्हणाल तर पाण्याची सिस्टीम. आमच्या मशीनला कन्व्हेन्शनल डॅम्पिंग आहे, कापडाच्या मोल्टनचं. स्वस्त आहे, समजायला सोपं आहे, पण मोल्टन रंग पिऊन बसतो. काळ्याचं काम संपवून पिवळा लावला की दोनशे शीट मळकट येतात, मोल्टन काढून घासा, पिळून परत चढवा, नाहीतर कोरडा होईपर्यंत थांबा. शेवटी आम्ही मोल्टन चढवलेल्या डॅम्परचे दोन सेट केले, एक गडद कलरचा एक फिकट कलरचा. शिवाय दिवसाची कामंच तशी लावतो, सकाळी पिवळा-केशरी, मग पत्रिकांचा कुंकवाचा लाल, निळा, आणि काळी बिलबुकं सगळ्यात शेवटी. एवढ्यानेच फरक पडला बघा! पाणी वाढवलं की परिणाम दिसायला मोल्टनला वेळ लागतो तो मात्र लागतोच. नंतरच्या बऱ्याच जीटीओंना अल्कलर डॅम्पिंग येतं, पाण्याची फिल्म बनते, कापड नाही, धुलाई पटकन होते. दोन मशीनं समोर असतील आणि एकाला अल्कलर असेल तर थोडे जास्त मोजून तेच घ्या, मला त्या वेळी मिळालं नाही.

आमचे मशीनमन मामा जुने आहेत, त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "मालक, काळं शाई वाढवून होत नाही, पाणी कमी करून होतं." नवीन पोरगा सॉलिड फिकं दिसलं की शाईच्या चाव्या उघडत बसतो, मग शाई जास्त, ती सांभाळायला पाणी जास्त, मग वाळत नाही, मग सेट-ऑफ, म्हणजे वरच्या शीटच्या पाठीला शाई लागते. फाउंटनच्या पाण्याचा पीएच ४.८ ते ५.५ मध्ये ठेवा, साध्या पट्टीने रोज बघता येतो. केमिकल जास्त टाकून ४ वर आणला तर शाई वाळायलाच मागत नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. पेठेत खडकवासल्याचं पाणी येतं त्यामुळे आम्हाला त्रास नाही, पण ज्यांची युनिटं नऱ्हे-धायरीकडे बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर आहेत त्यांचे रोलर क्षाराने पांढुरके पडतात आणि शाई सोडायला लागतात, त्यांनी आरओचं पाणी मिसळून वापरावं.

फोर कलर, म्हणजे रंगीत फोटोंचं काम, करता येतं का, हा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. येतं, दोन पासमध्ये, पहिल्यांदा काळा आणि सायन (निळा), मग मॅजेंटा (गुलाबी) आणि पिवळा. उन्हाळ्यात आणि डिसेंबरात छान जमलं. चार-पाच कामांचा पहिला पास ओळीने काढायचा, मग एकदाच दोन्ही युनिट धुवायची, मग सगळ्यांचा दुसरा पास, म्हणजे धुलाई वाटली जाते. जुलैमध्ये हेच करायला गेलं की कागद मधल्या वेळात हवेतली ओल पितो आणि फुगतो, आणि तंतूच्या लांबीत नाही, रुंदीत फुगतो. म्हणून कागद कापतानाच ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, सिलिंडरच्या लांबीला समांतर येईल असा कापा, म्हणजे वाढ झाली तर ती शीट पळतो त्या दिशेला होते आणि प्लेटखालचं पॅकिंग थोडं काढून ब्लँकेटखाली टाकलं की छपाई जराशी लांबवता येते. रुंदीकडे वाढला तर मात्र देव पण रजिस्टर धरू शकत नाही. पावसाळ्यात आम्ही मग बॅच सोडली, एकेक काम त्याच दिवशी पूर्ण, मधे थप्पी प्लॅस्टिकने गुंडाळून. धुलाई वाढली, वेळ गेला, पण गणपतीच्या अहवालातले फोटो डबल दिसण्यापेक्षा ते बरं. रोजच फोर कलर असेल तर टू-कलरच्या नादी लागू नका.

डिजिटलशी तुलना करू नये असं मला वाटतं. दोन-तीनशे प्रतींच्या आतलं रंगीत काम मी बाहेरून डिजिटलवरच करून घेतो, प्लेटांचा खर्चच निघत नाही. पण पत्रिकेच्या खडबडीत हँडमेड टाइप कागदावर स्पॉट कलरचा, म्हणजे तयार एकाच शाईचा, जो भरीव लाल येतो, किंवा मॅपलिथोच्या साध्या कागदावर पाच हजार बिलं, ते तिकडे परवडत नाही. नंबरिंग आणि परफोरेशन अजून ट्रेडलवरच करतो, जीटीओला नंबरिंगचं युनिट बसलेलं मिळतं पण आमच्याला नाही, आणि ट्रेडल काय फुकट उभं आहे.

स्पेअरची काळजी वाटली होती त्यापेक्षा कमीच निघाली, मशीन इतकं चाललेलं आहे की ग्रिपर, स्प्रिंगा, कागद उचलणारे सकर सगळं इथे नाहीतर मुंबईत मिळतं, मेकॅनिक पण चार आहेत. पंपाचे फिल्टर मात्र दर आठवड्याला साफ करा, स्प्रे पावडर आणि कागदाचा भुगा मिळून बसतो आणि मग फीडर डबल शीट उचलतो, लोक उगाच सकर बदलत राहतात.

आणि मोल्टन घ्यायला जाताना नुसतं "जीटीओचा द्या" म्हणू नका, आधीच्या मालकाने डॅम्पर रोलरला रबर किती जाड चढवलंय कोणाला माहीत, जुन्याचा तुकडा कापून खिशात घेऊन जा.